वर जाताना बसवायचा व्हॉल्व्ह

खान्देशात गाडी आणि माणूस दोघंही एकाच गोष्टीला घाबरतात, उन्हाला. एप्रिल लागला की जळगावात स्टिअरिंगला हात लावायच्या आधी त्याच्यावर ओलं फडकं टाकावं लागतं. म्हणून आमच्याकडचे मेकॅनिक गाडी हातात आली की एक काम न विचारता करून टाकतात. इंजिन आणि रेडिएटर यांच्या वाटेवर थर्मोस्टॅटचा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. इंजिन पुरतं गरम होईपर्यंत तो पाणी अडवून धरतो. आमच्या हवेत इंजिन गरम होण्याची वाट कोण बघणार? ते तर गाडी उभी असतानाच तापलेलं असतं. तेव्हा मेकॅनिक तो व्हॉल्व्ह काढतो, भंगारात फेकतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं.

माझ्या जीपचा व्हॉल्व्ह माझ्या मित्रानं असाच काढला, पण फेकला नाही. डिझेलमध्ये धुऊन, पुसून त्यानं तो बिस्किटाच्या एका गोल डब्यात ठेवला आणि त्याला दोऱ्यानं पुठ्ठ्याचा तुकडा बांधला. त्यावर बॉलपेननं लिहिलं, ‘वर जाताना बसवणे’.

मी विचारलं, हे काय. तो म्हणाला, “बठ्ठा काढी फेकतस. हाऊ मी ठेवस. आपण वर जासूत तधय मीच बसाडसू.” सगळे फेकतात, मी ठेवतो, आपण वर जाऊ तेव्हा मीच बसवीन, एवढंच. वर म्हणजे कुठं, हे त्याला सांगावं लागलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही.

आम्ही दोघं पाचोऱ्याजवळच्या एका खेड्यातले. दहावीपर्यंत एका बाकावर. पुढं मी कॉलेजात गेलो आणि पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून होऊन जळगावला चिकटलो. तो धुळ्याला मामाच्या हाताखाली पाना धरायला गेला आणि पारोळा रस्त्याला स्वतःचं गॅरेज काढून बसला. गिऱ्हाइकांशी तो हिंदीत बोलायचा, माझ्याशी गावाकडच्या बोलीत. मी साहेबी मराठीत काही सुरू केलं की मान वाकडी करून माझ्याकडं असा बघायचा की मला लगेच गावावर यावं लागे.

त्याच्या गॅरेजच्या भिंतीवर टायरवाल्यानं दिलेलं एक कॅलेंडर होतं. त्यावर एका उघड्या-बोडक्या डोंगराचं चित्र होतं, झाड नाही, गवत नाही, आणि त्या डोंगरावर वळणं घेत चढलेला रस्ता. वर्ष संपलं तरी त्यानं ते कॅलेंडर काढलं नाही, नुसत्या तारखा फाडून टाकल्या. एका रविवारी मला म्हणाला, “हाऊ रस्ता कोठला शे?” शिकलेला माणूस म्हणून हे शोधायचं काम माझ्याकडं आलं. तो मनालीहून लेहला जाणारा रस्ता निघाला. पाच खिंडी आडव्या येतात, एकेक आमच्या सातपुड्याच्या तिप्पट-चौपट उंच. मी हे सांगितलं तेव्हा तो गाडीखाली झोपलेला होता. बाहेर आला, हात पुसले आणि कपाटातून एक शंभर पानी वही काढली.

ती वही बारा वर्षं चालली. दर भेटीत तिच्यात एक तरी नवी नोंद व्हायलाच हवी, असा त्याचा नियम होता. कुठं शेवटचं डिझेल मिळतं. कुठल्या नाल्याला दुपारनंतर बर्फ वितळून पाणी चढतं, म्हणून तो सकाळीच ओलांडायचा. कुठं थांबून अंगाला उंचीची सवय करायची. मी मोबाइलवरून माहिती काढून न्यायचो, पण त्याच्यावर त्याचा भरवसा नसे. रावेर-फैजपूरकडून केळी भरून उत्तरेला निघालेले ट्रक त्याच्याकडं दुरुस्तीला थांबत. त्यांच्या ड्रायव्हरांना तो चहा पाजून खोदून खोदून विचारायचा. ते बिचारे जम्मूच्या मंडईपलीकडं गेलेले नसत. सुट्टीवर आलेला एखादा फौजी सापडला की मात्र आमची दिवाळी. फौजीनं दुजोरा दिला तरच माझी माहिती वहीत चढे, नाहीतर कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह. मी चिडायचो. माझं सगळं शिक्षण त्याच्या वहीत प्रश्नचिन्हाखाली पडलेलं असायचं.

खिंडींची नावं आम्ही पाढ्यासारखी पाठ केली होती. रोहतांग, बारालाचा, नकी, लाचुंग, टांगलांग. तो नाव म्हणायचा, मी उंची फुटात सांगायची. चुकलो तर चहा माझ्याकडं.

आम्ही सरावही केला, आज सांगताना हसू येतं. घाटात जीप कशी ओढते हे बघायला तोरणमाळ चढलो. चाळीसगावच्या पुढं कन्नडच्या घाटात तर किती वेळा गेलो, मोजदाद नाही. वर पोचलं की स्टोव्ह पेटवायचा, चहा करायचा, आणि हेच बारालाचा असं समजून खाली बघत बसायचं. एकदा श्रावणात गेलो तर घाटात हे एवढं धुकं. हातभर पुढचं दिसेना. कठड्याशी उभी असलेली माणसं कंटाळून एकेक निघून गेली. मीही चुळबुळ करायला लागलो. मला पहिल्यापासूनच धीर कमी. दिसत नाही ते दिसत नाही, चला घरी. तो दगडावर बसून होता. म्हणाला, “थांब. ढग सरकतस.”

दीड-दोन तास बसलो. मी तीनदा उठलो, त्यानं तीनदा शर्ट धरून बसवलं. आणि मग खरंच धुकं फाटलं. सगळा खान्देश खाली उघडा पडला, गिरणेची वाकडी रेघ, काळी-हिरवी शेतं, लांब कुठंतरी पाचोऱ्याकडं जाणाऱ्या रेल्वेचा धूर वाटावा असा एक पट्टा. तो नुसता माझ्याकडं बघून हसला. त्या हसण्याचा मला त्या वेळी राग आला होता. आज ते डोळ्यांपुढून जात नाही.

जाणं दर वर्षी पुढं ढकललं जाई. आधी त्याच्या मुलीचं लग्न, मग माझ्या मुलीचं. मग करोनाची दोन वर्षं. मग मी म्हणालो, आता मी निवृत्तच होतो, मग रजेची भानगड नाही. त्यानं वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं, निवृत्तीनंतरचा पहिला जून. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या गॅरेजपासून निघायचं. आधी व्हॉल्व्ह बसवायचा, मग नारळ फोडायचा, मग आग्रा रोडनं सरळ वर.

त्या वर्षी मार्चमध्ये जळगावला आमच्या कॉलनीतल्या लोकांनी सहलीचा विषय काढला. रोज सकाळी फिरायला जाणारे आम्ही पाच-सहा जण, सगळे निवृत्त नाहीतर निवृत्तीच्या उंबऱ्यावर. त्यातल्या तिघांनी गाड्या काढायचं ठरवलं आणि ठिकाण कुणी सुचवावं तर तेच, मनाली-लेह. संध्याकाळी एकाच्या गच्चीवर बैठक झाली. मी बोलायला लागलो आणि बोलतच राहिलो. खिंडींची नावं, उंच्या, डिझेल, नाले, मुक्काम. सगळे थक्क. काय अभ्यास आहे साहेब तुमचा, म्हणाले. वही माझ्यासमोर नव्हती, पण तिचं पानन्‌पान माझ्या तोंडून निघत होतं आणि मी ते माझंच असल्यासारखं सगळ्यांना वाटत सुटलो होतो. मला पुढारी करून टाकलं. मला ते फार आवडलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग मी म्हणालो की माझा एक मित्र आहे धुळ्याला, मेकॅनिक आहे, त्याच्यासोबत माझं जुनंच ठरलेलं आहे, त्यालाही घेऊ. वाटेत मेकॅनिक सोबत असला तर बरंच. नाव विचारलं. मी सांगितलं.

इथवर लिहिताना मी एक गोष्ट लिहिली नाही. तो मुसलमान आहे. लपवायची म्हणून गाळली असं नाही, ती मला या गोष्टीत कुठं लिहायची सुचलीच नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत मला ती सुचली नव्हती. त्या गच्चीवर, त्याचं नाव माझ्या तोंडातून बाहेर पडलं आणि पुढचे दोन-तीन क्षण कुणीच काही बोललं नाही, तेव्हा ती मला पहिल्यांदा कळली.

कुणी वाईट बोललं नाही. आमची कॉलनी सभ्य आहे. एक जण म्हणाले की बायका बरोबर आहेत, मुक्कामाला खोल्या वाटून घ्याव्या लागतील. दुसरे म्हणाले, त्यांना आपलं जेवणखाण चालेल का, आपल्यामुळं त्यांचीच अडचण व्हायची. आणि मग ज्यांच्या गच्चीवर बसलो होतो ते हसून म्हणाले, “बाकी सगळे आपलेच आहेत ना?”

मी म्हणालो, “हो, आपलेच.”

एवढंच झालं. मला कुणी धमकावलं नाही, हात धरला नाही. मी उठून म्हणू शकत होतो की मग मला जमणार नाही. माझं काय बिघडलं असतं? सकाळी एकट्यानं फिरायला गेलो असतो. पण नुकतीच डोक्यावर चढलेली ती पुढारीपणाची टोपी काढवेना. मी मूग गिळून चहा प्यायलो आणि खाली उतरताना स्वतःला समजावलं की त्याच्याबरोबर पुढच्या वर्षी जाऊच.

दुसऱ्या दिवशी त्याला फोन केला. सांगितलं की गुडघा फार धरलाय, उजवा, डॉक्टर उंचावर जाऊ नको म्हणतात, यंदा राहू दे. तो मग म्हणाला, “राहू दे मंग. डोंगर का कोठे पयी जातस?” डोंगर कुठं पळून जातात. तोच मला समजावत होता.

आठ-दहा दिवसांनी तो सकाळच्या एसटीनं धुळ्याहून जळगावला आला. हातात तेलाची बाटली. त्याच्या आईच्या वेळचं तेल, लसूण-ओवा घालून कढवलेलं, बायकोला मुद्दाम करायला लावलं होतं. दारात त्याला बघितलं आणि मी लंगडायला लागलो. घरात चार पावलं लंगडत गेलो, खुर्चीवर बसलो, आणि बसल्यावर माझ्या लक्षात आलं की फोनवर मी उजवा सांगितला होता आणि लंगडलो डाव्यानं. त्यानं माझ्या पायांकडं बघितलं. बाटली टेबलावर ठेवली. रात्री झोपताना लाव म्हणाला, कुठल्या गुडघ्याला ते म्हणाला नाही. चहा घेतला, माझ्या बायकोशी लेकीबाळींच्या चार गोष्टी केल्या आणि दुपारच्या गाडीनं परत गेला. तो गेल्यावर बायको म्हणाली की त्यांना खरं सांगायला काय झालं होतं. मी तिच्यावरच खेकसलो.

निघायच्या आधी जीप जळगावच्याच एका वर्कशॉपमध्ये दिली. तेल, ब्रेक, बेल्ट, सगळं यादीप्रमाणं तपासून त्यांनी शिक्का मारून कागद दिला. व्हॉल्व्हचं काही त्या यादीत नव्हतं. आणि मला तो आठवला नाही. खरंच आठवला नाही. माझ्या डोक्यात तो जीपचा भागच राहिला नव्हता. तो धुळ्याच्या त्या डब्यात होता आणि आमच्या जाण्याचा भाग होता, आणि ते जाणं तर मी मोडलं होतं.

बाकीचे दोघं म्हणत होते धुळ्यावरून जाऊ, रस्ता रुंद आहे. मी चोपड्यावरूनच जायचं म्हणून हटून बसलो. जवळ पडतं, रहदारी कमी. पारोळा रस्त्यावरून, त्या गॅरेजवरून, मागं बायका-माणसं आणि टपावर सामान घालून मला जायचं नव्हतं. शिरपूरला आग्रा रोडला लागलो तेव्हा कुठं मी मोकळा श्वास घेतला.

मनालीपर्यंत सगळं झकास. खिंडीखालच्या नव्या बोगद्यानं न जाता मुद्दाम रोहतांगवरून गेलो, कारण वहीत तसंच होतं. तिथं पहिल्यांदा कळलं की काहीतरी बिघडलंय. हीटर लावला तर पंख्यातून नुसती गार हवा. इंजिनाच्या उष्णतेची सुई तळाला पडून होती, उठायलाच तयार नाही. आयुष्यभर ती सुई वर जाऊ नये म्हणून देवाला हात जोडले, आता ती खाली आहे तर मला ते चांगलंच वाटलं. किती थंड चाललंय इंजिन, म्हणालो. गाडी पांढरा धूर टाकत होती, चढावर दम खात होती. बायकोनं दोन शाली गुंडाळल्या तरी तिचे ओठ निळे. केलाँगला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी दारचाला पोचेपर्यंत तिला बोटं मिटता येईनात. दारचा म्हणजे बारालाचाच्या अलीकडचं शेवटचं गाव, पाच-दहा टपऱ्या, एक पूल. पुढं दिवसभर खिंड, वस्ती नाही, फोन नाही. बाकीच्या दोन गाड्यांतले लोक उतरून माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मार्गदर्शक मीच होतो ना.

मोबाइलला तिथं दोन रेघा होत्या. मी पुलाच्या कठड्याशी गेलो. जगात एकच माणूस होता ज्याला मी विचारू शकत होतो.

त्यानं पहिल्याच घंटीला फोन उचलला. मी हॅलो-बिलो न करता सांगायला लागलो की जीपचा हीटर चालत नाही, सुई वर येत नाही, धूर टाकते. कुठं आहे ते सांगितलं नाही. मला वाटलं, नुसता बिघाड सांगितला तर चालेल. जून महिन्यात, धुळ्यात पत्र्याखाली घाम पुसत बसलेल्या मेकॅनिकला मी फोन करून सांगत होतो की माझा हीटर चालत नाही.

मग त्यानं विचारलं, “कोठे शे तू?”

मी म्हणालो, दारचाला.

पुलाखालून पाणी फार जोरात वाहत होतं. मग त्याचा आवाज आला, अगदी रोजचा, गाडीखालून येतो तसा.

“व्हॉल्व्ह नही ना तठे. रेडिएटरना म्होरे पुट्ठा लाव. निम्मा झाक, बठ्ठा नको. सुई चढनी का काढी ले.”

रेडिएटरच्या पुढं निम्मा पुठ्ठा, सुई चढली की काढायचा. एवढंच. गार वारा अडला की इंजिन आपोआप तापेल. मी बरं म्हणालो. फोन ठेवावा असं मला वाटत होतं आणि ठेववतही नव्हता. तो म्हणाला, “गुडघा बरा शे ना?”

त्यात टोमणा नव्हता. असता तर मी त्याला धरून उभा तरी राहिलो असतो. मी हो म्हणालो.

मग त्यानं विचारलं, “कसं दिखस तठे?”

माझ्यासमोर तो डोंगर होता. कॅलेंडरवरचा. तो नसेल तर त्याचा सख्खा भाऊ. झाड नाही, गवत नाही, तांबूस, जांभळट, मध्येच राखेसारखा, आणि अंगावर चढत गेलेली रस्त्याची वळणं. वर बर्फ. आभाळ इतकं निळं की डोळ्यांना लागत होतं, आणि त्यात बोटाएवढाही ढग नव्हता. हे मी त्याला काय सांगणार होतो? तुझ्यावाचून मी हे बघतोय आणि हे आपल्याला वाटलं होतं त्याहून चांगलं आहे, हे कसं सांगणार होतो?

मी म्हणालो, “ढग शेतस. काहीच दिखत नही.”

बायको माझ्या मागं येऊन उभी राहिली होती. तिनं वर आभाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि जाऊन गाडीत बसली.

तो म्हणाला, “थांब मंग जरासा. सरकतस.” आणि फोन ठेवला.

घरून नेलेल्या केळीच्या वेफर्सचा खोका मागं होता. तो फाडून पुठ्ठा रेडिएटरपुढं सुतळीनं बांधला. तासाभरात सुई वर आली आणि हीटरमधून ऊब यायला लागली. बायकोच्या बोटांना रंग आला. काय डोकं आहे साहेबांचं, बाकीचे म्हणाले, आणि मी तेही ऐकून घेतलं. बारालाचा चढलो, पुढच्या तिन्ही खिंडी चढलो. सगळ्यांनी पाट्यांशी उभं राहून फोटो काढले. माझ्या सगळ्या फोटोंत मी कुठंतरी बाजूला बघतोय. उंची तोंडातून आपोआप निघायची, आणि ती बरोबर की चूक सांगायला समोर कुणी नसायचं.

परत आल्यावर महिनाभर मी धुळ्याला गेलो नाही. जायचं आणि सगळं सांगून टाकायचं, हे रोज सकाळी ठरायचं आणि संध्याकाळपर्यंत ढिलं पडायचं. शेवटी एका रविवारी जीप घेऊन गेलो. गॅरेजमध्ये तो एकटाच होता, एका ट्रॅक्टरचा पंप खोलून बसला होता. त्यानं बस म्हटलं, शेजारून चहा मागवला, जीपला एक फेरी मारून टायर बघितले. पुढच्या जाळीला सुतळीचा तुकडा अजून लटकत होता, तो त्यानं हातानं तोडला. भिंतीवरचं कॅलेंडर होतं तिथंच होतं. मी घरून वाक्यं जुळवून नेली होती, गच्चीपासूनची. त्यातलं एकही तोंडाशी येईना. चहा संपत आला तेव्हा त्यानंच विचारलं, हातातल्या पंपाकडं बघत, की मग ढग सरकले का.

मी म्हणालो, “ढग नव्हतात.”

“माले माहीत शे,” तो म्हणाला. “केलाँगना म्होरे जूनमा आभाय मोकयं ऱ्हास. वहीमा लिखेल शे.”

लिहिलेलं होतंच. ती नोंद मीच आणली होती, की केलाँगच्या पुढं पावसाचे ढग डोंगर ओलांडून येत नाहीत, जूनमध्ये आभाळ मोकळं असतं. एका फौजीनं दुजोरा दिल्यावर त्यानं ती स्वतःच्या हातानं शाईनं लिहिली होती. म्हणजे दारचाच्या पुलावर मी खोटं बोललो ते त्याला त्याच क्षणी कळलं होतं. तरी तो मला थांब म्हणाला. आणि त्याआधी माझ्या घरी, मी चुकीच्या पायानं लंगडत होतो तेव्हाही, त्याला कळलंच होतं. मी खरं सांगेन म्हणून तो वाट बघत होता, कन्नडच्या घाटात बसायचा तसा. मी आपलं सरकलोच नाही.

मग मी सगळं सांगितलं. गच्ची, ‘आपलेच’, चोपड्याचा रस्ता, सगळं. माफ कर म्हणालो. तो ऐकत होता, मध्ये एकदा मान हलवली. रागावला नाही. रागावला असता, चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्याच्या पाया पडलो असतो आणि आमचं काहीतरी वाचलं असतं. त्यानं पंपाचे स्क्रू एका वाटीत गोळा केले, हात पुसले आणि वरच्या फळीवरून तो गोल डबा काढला.

मला वाटलं, बसवणार. मी उठून बॉनेट उघडायलाही निघालो होतो. त्यानं व्हॉल्व्हचा पुठ्ठा सोडून घेतला, ‘वर जाताना बसवणे’ लिहिलेला, तो घडी करून आपल्या खिशात ठेवला, आणि नुसता व्हॉल्व्ह माझ्या हातात दिला.

“लई जाय,” तो म्हणाला. “आते कोनीबी बसाडी दी.”

घेऊन जा, आता कुणीही बसवून देईल. मग तो पुन्हा पंपाकडं वळला, आणि तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, त्याच्याशी हिंदीत बोलायला लागला.

त्यानंतर आता दोनदा जून येऊन गेला. व्हॉल्व्ह माझ्या टेबलाच्या खणात आहे, तेलाच्या त्या न उघडलेल्या बाटलीशेजारी. जीप अजून त्याच्यावाचूनच चालते. जळगावच्या उन्हात त्याची गरज पडत नाही. कॉलनीतले लोक यंदा दुसरीकडं कुठं जायचं म्हणून गच्चीवर बोलावत होते. मी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं.